चिनी मातीची वीज आणि अकरा सह्या

विज्ञानाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे शोध लावणाऱ्यांची नावे आणि शोधांची साले क्रमाने मांडावयाची, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. शाळेच्या पुस्तकापासून व्याख्यानाच्या व्यासपीठापर्यंत हीच रीत चालते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. शोध लागतो तो दिवस आणि ती वस्तू माणसाच्या घरात येते तो दिवस, ह्या दोहोंच्या मध्ये कित्येकदा एका माणसाच्या आयुष्याहून मोठा काळ जातो. त्या काळात खर्च कोणी सोसला, नाद कोणी सोडला आणि अखेर काम कोणाच्या हातांनी झाले, ह्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून की काय, आमचे लक्ष शोधापेक्षा ह्या मधल्या काळाकडे अधिक जाते. त्या मधल्या काळाचीच एक गोष्ट आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

गोष्ट आहे एका विशिष्ट जातीच्या इंधन-घटाची, म्हणजे भाजलेल्या मातीसारख्या पदार्थातून वीज काढणाऱ्या यंत्राची. त्याच्या मुळाशी असलेला गुण १८९९ साली जर्मनीत ठाऊक झाला होता. त्या गुणावर चालणारे यंत्र सामान्य कुटुंबाच्या घरामागे उभे राहिले ते २०११-१२ साली, जपानात. मध्ये एकशे बारा वर्षे गेली. इतकी वर्षे का लागली, हा पहिला प्रश्न. आणि ज्या कारखान्याने ती वाट शेवटपर्यंत चालून दाखविली, तो आतून कसा घडला होता, हा दुसरा. आमच्या मते दुसऱ्याचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याचे पुरते मिळत नाही.

प्रथम वस्तू समजून घेऊ. वीज करावयाची आपली नेहमीची रीत फार फेऱ्याची आहे. कोळसा जाळावयाचा, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची, वाफेने चक्र फिरवावयाचे आणि चक्राने जनित्र. प्रत्येक टप्प्यावर काही उष्णता वाया जाते. इंधनातली शक्ती मध्ये आग न लावता थेट विजेच्या रूपाने काढून घेता आली तर? हा विचार जुना आहे. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह ह्या वेल्समधील गृहस्थाने, जो पुढे न्यायाधीश झाला, हायड्रोजन व ऑक्सिजन ह्यांच्या संयोगातून वीज मिळवून दाखविली. १८९४ साली विल्हेल्म ऑस्टवाल्ड ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाने तर आपल्या सहकाऱ्यांना जाहीरपणे बजावले, की वाफेचे यंत्र कोळशातल्या शक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा पदरात टाकते. धूर नाही, बॉयलर नाही, अशी कोळशापासून थेट वीज देणारी घटमाला करावयास हवी. 

त्यानंतर थोड्याच वर्षांनी वाल्टर नेर्न्स्ट ह्याने एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. चिनी माती विजेला अडविते, हे आपण रोज पाहतो. म्हणून तर तारांच्या खांबांवर चिनी मातीचे इन्शुलेटर बसवितात. पण झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या पदार्थात थोडा इट्रिया मिसळून त्याची कांडी भाजली आणि ती लालबुंद तापविली, तर तीतून वीज वाहू लागते, असे नेर्न्स्टला आढळले. त्याने त्याचा दिवा केला, त्याचा मक्ता घेतला आणि तो ए.ई.जी. ह्या जर्मन कंपनीला दहा लक्ष मार्कांना विकला, असे सांगतात. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात हे दिवे झळकले. अमेरिकेत पिट्सबर्गला जॉर्ज वेस्टिंगहाऊसने ते बनविण्याची कंपनी काढली. पुढे टंगस्टनच्या तारेचे दिवे आले आणि नेर्न्स्टचा दिवा मागे पडला. दिवा गेला, पण कांडीचा गुण राहिला.

तो गुण काय, हे नीट उलगडले १९४३ साली, कार्ल वाग्नेर ह्या शास्त्रज्ञाने. नाटकगृहाचे उदाहरण घेऊ. सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतील तर कोणालाच जागचे हलता येत नाही. पण मध्ये चार खुर्च्या रिकाम्या असतील तर शेजारचा सरकतो, त्याच्या जागी त्याचा शेजारी, आणि अशी हालचाल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकते. झिर्कोनियाच्या स्फटिकात झिर्कोनियमच्या प्रत्येक अणूमागे ऑक्सिजनच्या दोन जागा असतात. इट्रियमला दीडच लागते. म्हणून इट्रियमचे दोन अणू आत बसले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. पदार्थ पुरेसा तापला म्हणजे ऑक्सिजनचे विद्युत्-भारित अणू ह्या रिकाम्या जागांतून उड्या मारीत पलीकडे जातात. वायू म्हणून ऑक्सिजन त्यातून गळत नाही, पण भारित अणू पार होतात.

आता अशा पदार्थाचा पातळ पापुद्रा घेऊन एका बाजूस हवा आणि दुसऱ्या बाजूस इंधनवायू सोडला की घट तयार होतो. हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन पापुद्र्यातून पलीकडे जातो, तेथे इंधनाशी संयोग पावतो आणि आपले इलेक्ट्रॉन तेथे सोडतो. ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून परत हवेच्या बाजूकडे येतात. हाच विजेचा प्रवाह. एका घटाचा दाब एक व्होल्टच्या आतबाहेर. म्हणून पुष्कळ घट एकापुढे एक जोडून त्यांची चळत करावी लागते. हलणारे चाक नाही, आवाज नाही, आणि उरलेली उष्णता पाणी तापवावयास मिळते. इंधन म्हणून नैसर्गिक वायू वापरला तर कार्बन डायऑक्साइड निघतोच, हे मात्र विसरता कामा नये. तो इंधनाच्या मानाने कमी निघतो, इतकेच.

कागदावर हे सगळे सोपे दिसते. १९३७ साली झुरिक येथे एमिल बाउर व हान्स प्राइस ह्यांनी असा घट प्रत्यक्ष चालवून दाखविला. सुमारे एक हजार अंश उष्णता द्यावी लागे आणि प्रवाह फारच थोडा मिळे. त्यांना निराळा पदार्थ हवासा वाटला. त्यानंतर युद्ध आले. युद्धानंतर हे काम अमेरिकेतील वेस्टिंगहाऊस कंपनीच्या संशोधकांनी हाती घेतले. १९६२ साली वाइसबार्ट व रुका ह्या दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे तेथे नळीच्या आकाराचे घट तयार झाले. नळी एका टोकाला बंद असल्यामुळे हवा व इंधन एकमेकांत मिसळू न देण्याचा मोठा प्रश्न त्यांनी शहाणपणाने सोडविला. १९९७ च्या अखेरीस नेदरलँड्समध्ये त्यांचे शंभर किलोवॅटचे यंत्र चालू झाले व ते हजारो तास चालले.

मग झाले काय? जी कंपनी हे काम करीत होती तीच बाजारात विकली गेली. वेस्टिंगहाऊसने १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीचा धंदा घेतला, आपले नावही बदलून सी.बी.एस. केले, आणि वीजनिर्मितीची शाखा १९९८ साली सीमेन्सकडे गेली. सीमेन्सने काही वर्षे काम पुढे नेले आणि २०१० च्या सुमारास हात आखडता घेतला. चाळीस-पन्नास वर्षांचे ज्ञान, आणि ते ज्यांच्या बोटांत होते ती माणसे, हिशेबवहीतील एका ओळीने मोकळी झाली. शास्त्र कोठे चुकले नव्हते. धीर संपला होता.

धीर का लागतो, हे समजण्यास भट्टीजवळ उभे राहिले पाहिजे. आमच्या कामात कौलांच्या, नळांच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांतील कामगारांशी आमचा वर्षानुवर्षे संबंध आला आहे. माती भाजली की आकसते, हे त्यांच्यातील पोरसवदा मजुरालाही ठाऊक असते. एका वस्तूत दोन जातींची माती असेल आणि दोन्ही सारख्या आकसल्या नाहीत, तर वस्तू वाकते किंवा तडकते. इंधन-घटात तर चार थर एकमेकांस चिकटलेले असतात. मध्ये झिर्कोनियाचा पापुद्रा. इंधनाच्या बाजूस निकेल आणि झिर्कोनिया ह्यांचा सच्छिद्र थर. हवेच्या बाजूस लँथॅनमसारख्या दुर्मिळ धातूंच्या ऑक्साइडांचा थर. आणि एका घटाची वीज दुसऱ्यात नेणारा जोडथर. मधला पापुद्रा इतका घट्ट हवा की वायूचा कण गळू नये. बाजूचे थर इतके विरळ हवेत की वायू सहज आत शिरावा. सगळ्यांनी भट्टीत बरोबरीने आकसावयाचे, नंतर सातशे-आठशे अंशांवर बरोबरीने प्रसरण पावावयाचे, आणि हे दहा वर्षे टिकवावयाचे. दहा वर्षे म्हणजे सत्याऐंशी हजार सहाशे तास. चळतीतील एका घटाला गेलेला तडा सगळ्या चळतीस भोवतो.

असले काम सूत्राने होत नाही. भुकटी किती बारीक दळावी, चिकटवण किती घालावे, ओला थर किती सावकाश वाळवावा, भट्टी कोणत्या तासाला किती चढवावी, हे हजारदा करून आणि हजारदा फुकट घालवून हाताला कळते. ज्याला उद्या कामावरून काढले जाण्याचे भय आहे, तो मनुष्य आपल्या हाताला कळलेले दुसऱ्याला सांगत नाही; आणि बिघडलेला माल तर तो लपवितोच. म्हणून असल्या धंद्यात कामगार टिकणे, आणि त्याने बोलते राहणे, हा कच्च्या मालाइतकाच आवश्यक घटक असतो, असे आमचे मत आहे.

आता जपानकडे वळू. क्योसेरा ह्या कंपनीचे मूळ नाव क्योतो सिरॅमिक. तिचा संस्थापक काझुओ इनामोरी हा १९३२ साली कागोशिमा येथे जन्मला. तेथल्याच विद्यापीठातून १९५५ साली पदवी घेऊन तो क्योतोच्या शोफू नावाच्या कारखान्यात नोकरीस लागला. कारखाना इन्शुलेटर करणारा, डबघाईला आलेला. पगार वेळेवर होत नसे. इनामोरीकडे नव्या जातीचे सिरॅमिक तयार करण्याचे काम आले. भुकटी एकत्र बांधून ठेवील असे चिकटवण मिळेना. एके दिवशी प्रयोगशाळेत मेणाच्या पेटीला पाय अडखळला, बुटाला मेण लागले आणि त्यावरून मेण वापरण्याची युक्ती सुचली, असे तो पुढे सांगत असे. त्या युक्तीने केलेले भाग दूरचित्रवाणीच्या नळीसाठी मात्सुशिताच्या कारखान्यात जाऊ लागले.

ह्याच शोफूमध्ये कामगारांचा संप झाला. इनामोरी त्यात सामील झाला नाही. आपल्या विभागातील माणसांना घेऊन तो कारखान्यातच मुक्कामाला राहिला, काम चालू ठेवले आणि तयार माल कुंपणापलीकडे पोचवून ग्राहकाकडे रवाना केला. आमच्या भाषेत अशा मनुष्याला एकच नाव आहे, आणि ते प्रेमाचे नाही. त्याचे म्हणणे असे, की माल एकदा बंद पडला असता तर ग्राहक गेला असता आणि कारखान्याचा उरलासुरला आधारही तुटला असता. ही बाजू आम्ही ऐकून घेतो. पण ज्यांचे पगार थकले होते त्यांच्या हातात संपाखेरीज दुसरे कोणते हत्यार होते, हेही विचारले पाहिजे. दोन्ही बाजू मांडल्यावाचून इतिहास होत नाही.

वरिष्ठांशी बिनसल्यामुळे इनामोरी १९५८ च्या अखेरीस तेथून बाहेर पडला. १ एप्रिल १९५९ रोजी अठ्ठावीस माणसांनिशी क्योतो सिरॅमिकची स्थापना झाली. भांडवल तीस लक्ष येन. जागा दुसऱ्याच्या गोदामातली. आणि एका हितचिंतकाने आपले राहते घर गहाण टाकून कर्ज काढून दिलेले. कंपनी कशासाठी, तर इनामोरीचे तंत्र जगापुढे यावे यासाठी. हे त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

आणि येथे आमच्या गोष्टीचा खरा सांधा आहे. १९६१ च्या वसंतात, आदल्या वर्षी शाळा संपवून कामावर लागलेली अकरा मुले इनामोरीपुढे येऊन उभी राहिली. हातात मागणीपत्र होते. त्याखाली सह्या आणि बोटाच्या रक्ताचे ठसे होते. दरवर्षी इतकी पगारवाढ आणि इतका बोनस मिळेल अशी हमी द्या, नाहीतर आम्ही सगळे नोकरी सोडतो. रात्री उशिरापर्यंत काम, रविवारीही काम, आणि कंपनी उद्या असेल की नाही ह्याचा भरवसा नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी ह्याहून वेगळे काय मागावे?

इनामोरी त्यांना आपल्या लहानशा घरी घेऊन गेला. तीन दिवस आणि तीन रात्री बोलणे चालले. लेखी हमी त्याने दिली नाही; जे माझ्या हातात नाही त्याचे वचन देणे म्हणजे खोटे बोलणे, असे तो म्हणाला. माझ्यावर विश्वास ठेवा, आणि मी दगा दिला तर मला ठार करा, असेही तो म्हणाल्याचे त्याच्या आठवणींत आहे. एकेक करून अकराही जण राहावयास तयार झाले. ती गेल्यावर त्याला झोप आली नाही. आपण आपले तंत्र दाखविण्यासाठी कंपनी काढली, पण हे तरुण तर तिच्यावर आपले सगळे आयुष्य टाकून बसले आहेत, हे त्याला प्रथमच उमगले. त्याने कंपनीचा हेतूच बदलून लिहिला: सर्व कामगारांचे ऐहिक व मानसिक कल्याण साधणे, आणि त्याबरोबर मानवसमाजाच्या प्रगतीस हातभार लावणे. तेच वाक्य आजही कंपनीच्या शिरोभागी आहे.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही हकीकत मालकाच्या हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून येते. इनामोरीचे नाव जगभर झाले. त्या अकरांची नावे कोणी विचारीत नाही. आम्ही तीच हकीकत उलट टोकाकडून वाचतो. १९५९ साली इनामोरी होता तसाच भला मनुष्य १९६१ सालीही होता. मधल्या दोन वर्षांत हेतू बदलला नाही. तो बदलला अकरा माणसे एकत्र आल्यानंतर आणि त्यांनी कागदावर सही केल्यानंतर. एकेकटा मुलगा गेला असता तर त्याची समजूत पाच मिनिटांत निघाली असती, आणि कंपनीचा हेतू होता तोच राहिला असता. तेव्हा ते प्रसिद्ध वाक्य लिहिले इनामोरीने, पण त्याच्याकडून लिहवून घेतले त्या अकरांनी.

ह्यानंतर कंपनी वाढत गेली. १९६६ साली अमेरिकेच्या आय.बी.एम.कडून अडीच कोटी सिरॅमिक पट्ट्यांची मागणी आली, तीतून कंपनीला बस्तान मिळाले. सबंध कारखाना लहान लहान गटांत वाटून प्रत्येक गटाने आपली कमाई आणि आपले तास ह्यांचा हिशेब आपणच ठेवावयाचा, अशी पद्धत इनामोरीने बसविली. तीत मजुरी ही खर्चाच्या बाजूस धरीत नाहीत; गटाने तासामागे किती नवे मोल निर्माण केले एवढेच पाहतात. ही गोष्ट आम्हांस आवडली, कारण मजूर म्हणजे खर्च ही समजूतच तेथे मोडली आहे. पण हेही खरे, की ज्या घरात प्रत्येकजण रोज तासांचा हिशेब पाहतो, तेथे मुकादमाची गरज उरत नाही. मनुष्य स्वतःचाच मुकादम होतो. हे सुख की ओझे, ते ज्याचे त्याने अनुभवाने ठरवावे.

इंधन-घटाचे संशोधन क्योसेराने १९८५ साली सुरू केले. ह्याच सुमारास जपान सरकारनेही ऊर्जेच्या नव्या साधनांवर पैसा लावला होता. क्योसेराने वेस्टिंगहाऊससारखी लांब जाड नळी न करता चपटी, आत वायूची छिद्रे असलेली पट्टी केली. इंधनाच्या बाजूचा थरच आधार म्हणून जाड ठेवला आणि झिर्कोनियाचा पापुद्रा त्यावर अगदी पातळ दिला. पापुद्रा पातळ झाल्यामुळे हजार अंशांऐवजी सातशे ते साडेसातशे अंशांवर काम भागू लागले. एवढा एक फरक घडावयास वीस वर्षे लागली. २००५ च्या अखेरीस ओसाका गॅस कंपनीबरोबर राहत्या इमारतीत त्याची चाचणी झाली, आणि २०११ साली घरगुती घटांच्या चळतींचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले.

एप्रिल २०१२ मध्ये ओसाका गॅसने ते यंत्र बाजारात आणले. चळत क्योसेराची, वीज करणारा संच ऐसिन कंपनीचा, गरम पाण्याची टाकी चोफू कंपनीची. सातशे वॅट वीज. इंधनातल्या शक्तीपैकी साडेशेचाळीस टक्के विजेच्या रूपाने, आणि गरम पाणी धरून सुमारे नव्वद टक्के पदरात. किंमत पंचवीस लक्ष येनच्या वर होती आणि सरकारी अनुदानावाचून ती फारशा कुटुंबांना झेपली नसती. आदल्या वर्षी, मार्च २०११ मध्ये, भूकंप व समुद्राच्या लाटेने फुकुशिमाचे अणुकेंद्र बंद पडले होते. आपली वीज आपल्या घरी करावी, ही इच्छा लोकांच्या मनात त्या काळी सहजच जागी झाली होती. ह्या यंत्राची व त्याच्या जोडीच्या दुसऱ्या जातीच्या घरगुती इंधन-घटांची मिळून संख्या जपानात पुढे पाच लक्षांच्या वर गेली. ऑस्टवाल्डने जे घडावयास हवे म्हटले होते, ते एकशे सतरा वर्षांनी घडले. आणि कोळशावर नव्हे, वायूवर.

१९८५ ते २०११ ही सव्वीस वर्षे क्योसेराला परवडली, आणि वेस्टिंगहाऊसच्या वारसांना परवडली नाहीत. ह्याची कारणे अनेक आहेत. सरकारी मदत, गॅस कंपन्यांची भागीदारी, सिरॅमिकच्या इतर मालावर मिळणारा नफा, ही सगळी त्यांत येतात. पण भट्टीवरची माणसे टिकली, हे कारण आम्ही त्यांच्या रांगेत बसवितो. आणि ती टिकण्याची पहिली अट १९६१ साली त्या तीन रात्रींत घातली गेली होती.

येथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण इतिहासाला शेवट आपल्या सोयीने देता येत नाही. जानेवारी २०१० मध्ये जपान एअरलाइन्स ही विमान कंपनी दिवाळखोरीत गेली. सरकारच्या विनंतीवरून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या इनामोरीने, एक येनही पगार न घेता, तिचे अध्यक्षपद स्वीकारले. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीचे भाग पुन्हा बाजारात आले. जगाने वाहवा केली. ह्या उभारणीत सुमारे सोळा हजार नोकऱ्या कमी झाल्या. आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, वैमानिक व विमानसेवक मिळून एकशे पासष्ट जणांना बडतर्फ करण्यात आले. त्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात बडतर्फी कायम झाली. मात्र पुनर्रचना करणाऱ्या संस्थेने संघटनेच्या संपासंबंधीच्या मतदानात ढवळाढवळ केली, हे अनुचित वर्तन होते, हा निर्णयही २०१६ साली त्याच न्यायालयात कायम राहिला. कामगारांच्या कल्याणाचे वाक्य इनामोरीने ह्याही कंपनीच्या शिरोभागी लिहिले होते.

ह्यावरून इनामोरी ढोंगी होता असे म्हणणारे भेटतात. आम्ही तसे म्हणत नाही. बुडालेली कंपनी तरवायची तर काही माणसे कमी करावी लागतात, हा हिशेब त्याला अटळ वाटला असेल. उरलेल्या तीस-बत्तीस हजारांचे पोट त्याने सांभाळले, हेही खरे. २०२२ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याच्याविषयी आदर वाटणाऱ्यांत पुष्कळ कामगारही होते. आमचे म्हणणे मनुष्याविषयी नाही, वचनाविषयी आहे. १९६१ च्या मुलांना त्याने लेखी हमी दिली नाही, शब्द दिला, आणि तो पाळला. पण जो शब्द एका मनुष्याच्या भलेपणावर उभा असतो, तो त्या मनुष्याबरोबर दुसऱ्या घरी जातोच असे नाही; आणि त्याच्यामागून येणाऱ्यास तर तो बांधीतच नाही. लिहिलेला, सह्या झालेला करार माणसाच्या भलेपणावर अवलंबून नसतो. म्हणून तो रूक्ष असतो, आणि म्हणूनच तो हवा असतो. भल्या मालकाशी करार केल्याने मालकाचा अपमान होत नाही. उलट त्याच्या भलेपणाला त्याच्या पश्चातही पाय फुटतात.

श्रोते विचारतील, ह्या परदेशच्या गोष्टीशी आमच्या गावाचा काय संबंध? संबंध वाळूइतका जवळचा आहे. झिर्कोनिया ज्या खनिजापासून काढतात ते झिरकॉन केरळातील चवरा, तामिळनाडूतील मनवलकुरिची अशा ठिकाणच्या किनाऱ्यांवरील काळ्या वाळूत मिळते. ती वाळू निवडण्याचे काम करणारी इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० साली निघाली आणि तिची मुख्य कचेरी मुंबईतच आहे. कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत ह्याच जातीच्या इंधन-घटांवर आपले संशोधक काम करीत आले आहेत. वाळू आहे, विद्याही आहे. उद्या असा एखादा कारखाना आपल्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला, तर त्याचे स्वागत अवश्य करावे. गावात हार-तुरे, भाषणे होतील, मंत्री येतील, सारे होईल.

फक्त त्या वेळी नगरवासीयांनी तीन प्रश्न विचारावेत, एवढीच आमची विनंती. ह्या भट्टीवरची माणसे कायम आहेत की कंत्राटी? शिकलेला हात दहा वर्षांनी ह्याच भट्टीवर असेल, की दर अकरा महिन्यांनी नवा येईल? आणि जे वचन व्यासपीठावरून दिले जात आहे, ते कोणत्या कागदावर, कोणाच्या सह्यांनी उतरले आहे? दर अकरा महिन्यांनी माणूस बदलणाऱ्या कारखान्यात विटा भाजता येतील, कौलेही भाजता येतील. सत्याऐंशी हजार तास न तडकणारा पापुद्रा तेथे होणार नाही, हे शंभर वर्षांच्या ह्या इतिहासावरून आम्ही खात्रीने सांगू शकतो. आणि प्रश्न विचारावयाला जाणाऱ्याने एकटे जाऊ नये. किमान अकरा जण बरोबर घ्यावेत.